पालक हवेत, पाल्य गप्प

राज्यघटनेत 'पालकमंत्री' नावाचं पद शोधू नका, सापडायचं नाही. तरीही त्यासाठी जेवढी रस्सीखेच होते, तेवढी एखाद्या चांगल्या खात्यासाठीही होत नसेल. 18 जानेवारी 2025ला महाराष्ट्रातल्या पालकमंत्र्यांची यादी निघाली. रायगड आदिती तटकरेंना, नाशिक गिरीश महाजनांना. दुसऱ्याच दिवशी या दोन्ही नेमणुकांना स्थगिती! बारशाला नाव ठेवायचं आणि पाळणा हलायच्या आत ते खोडायचं, असा हा प्रकार.

रायगडवर दावा सांगणाऱ्या भरत गोगावले यांनी मंत्रिपदासाठी शिवून ठेवलेला कोट अखेर डिसेंबर 2024मध्ये अंगावर चढला. पण नुसत्या कोटावर काय भागतंय? रायगड हातचं गेल्याचं कळताच समर्थकांनी महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावर टायर पेटवले. जागा मात्र अचूक निवडली हं! चौपदरीकरण 2011च्या सुमाराला सुरू झालेला हा रस्ता इतकी वर्षं रखडलाय, त्याच्यासाठी कुणी काडी ओढल्याचं ऐकिवात नाही.

नाशिकचं दुखणं वेगळं. तिथे 2027चा सिंहस्थ कुंभमेळा आहे, म्हणजे रस्ते, घाट, पूल, निविदा. साधूंच्या आधी मंत्र्यांचेच आखाडे भरले.

वर पालकमंत्र्याकडे जिल्हा नियोजन समितीचं अध्यक्षपद, म्हणजे कुठल्या गावाला किती निधी याची किल्ली. ती कनवटीला लावायची असल्यावर माया दाटून येणारच. एवढे पालक भांडताहेत म्हटल्यावर गडचिरोलीसाठीही कुणीतरी टायर जाळला असेल, अशी आमची भाबडी समजूत होती.