काकाजींचा सहावी पास कॉम्प्युटर

यवतमाळात आमच्या दारव्हा रोडच्या गल्लीत 2025 च्या दिवाळीच्या तोंडावर दोनच विषय होते. सीसीआय कापूस कधी घेते, आणि शेजारचे काकाजी विंडोज बदलतात की नाही. पहिल्याचं घोडं ओलाव्यात अडलं होतं. लांब धाग्याला क्विंटलमागे 8110 रुपये हमीभाव जाहीर झालेला, पण तो पदरात पडायला ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी हवी आणि कापसात बारा टक्क्यांच्या वर ओलावा नको. दवात भिजलेल्या बोंडाला हे कोणी समजवावं?

दुसऱ्या विषयाचा निकाल आमच्या वालकंपाउंडवर लागायचा होता. सकाळचं पाणी भरून झालं की तिथं बैठक भरते. अलीकडे मी सांबाराची जुडी निसत, पलीकडे काकाजी पेपर घेऊन, आणि कोपऱ्यावरच्या घरातून लग्नपत्रिकावाली वहिनी. मी बँकेत उभी नोकरी काढली, तेही कॉम्प्युटरच्या टेबलावर. म्हणून गल्लीत कोणाचा माऊस अडकला तरी हाक मलाच येते.

तर 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची मुदत संपली. काकाजींच्या पडद्यावर तशी पाटी आली आणि ते चष्मा कपाळावर चढवून थेट भिंतीशी.

“बाई, मले तं हे सरकारी नोटीस वाट्टे.”

“सरकारी नाई काकाजी, कंपनीची हाय.”

“मंग उद्यापासून डबा बंद?”

“बंद नाई पडत. चालू राह्यते. फक्त कंपनी आता भोकं बुजवणार नाई.”

“चालते ना? मंग कायले बदलाचं!” काकाजी पेपरात परत शिरले. त्यांच्या लेखी खटला निकाली निघाला होता.

हा ‘चालते ना’ आमच्या भागातला सगळ्यात मोठा युक्तिवाद आहे. मोटरपंपापासून जावयापर्यंत सगळीकडे तो लागू पडतो. म्हणून मी त्यांच्या कळंबकडच्या शेतात शिरले.

“काकाजी, 2017 ले तुमची कपाशी कशानं गेली?”

“गुलाबी बोंडअळीनं. इचारता काय! निरं बोंड किडलं होतं.”

“बियाणं जुनं होतं?”

“नाई वो. बीटीच. बीजी-टू. तेच नेहमीचं.”

“बियाणं तेच होतं, मंग हारलं काहून?”

काकाजी थांबले. बीटी कापूस आपल्या देशात 2002 ला आला, बीजी-टू 2006 ला. दोन्हींची पाकिटं त्यांनी स्वतःच्या हातानं फोडलेली. “अळी बदलली,” ते हळूच म्हणाले.

“हेबी तसंच हाय. तुमचं विंडोज काल होतं तेच उद्या राह्यते. बाहेरचे चोर रोज नवी वाट शोधतात. आजवर वाट सापडली की कंपनी दर महिन्याला ती बंद करत होती. आता करणार नाई.”

वहिनी एवढ्यात येऊन टेकली होती. तिला चोरांचे किस्से भारी आवडतात, म्हणून मी 2017 चाच दुसरा किस्सा काढला. त्या वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला. कॉम्प्युटरला कुलूप लावायचा आणि किल्लीसाठी खंडणी मागायचा. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांना ऑपरेशनं पुढं ढकलावी लागली, आपल्याकडे आंध्रात पोलिसांचे कॉम्प्युटर अडकले. गंमत अशी की ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी ‘नंतर आठवण करा’ दाबलं ते सापडले. पुढच्याच महिन्यात त्याच भोकातून नॉटपेट्या आला आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं.

“पोलिसाचंबी चोरून नेते म्हणजे!” वहिनीचे डोळे चमकले. तिचा दिवस सार्थकी लागला.

“पण ताई, हे धा नंबरचंच शेवटचं म्हणे ना?”

म्हणे खरंच. 2015 साली कंपनीच्याच एका माणसानं भर परिषदेत विंडोज 10 ला शेवटचं विंडोज म्हटलं होतं. 2021 च्या ऑक्टोबरात अकरावं बाजारात. हे ऐकून काकू आतूनच बोलल्या, “शेवटच्याचं काय घेऊन बसल्या! याइचा सकाऊनपासून शेवटचा चहा तीनदा झाला.”

मग काकाजींचा डबा अकरा नंबर घेतो का ते तपासायला मी पलीकडे गेले. बैठकीत टीव्हीच्या बाजूला काळा डबा, त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर गणपती. पोरानं 2016 मध्ये पुण्याहून घेऊन दिलेला. त्यात काकाजींचं पेन्शनचं खातं, नातीचे जन्मापासूनचे फोटो आणि गल्लीच्या गणेश मंडळाचा हिशेब. चालू केला की पडद्यावर गोल गोल फिरत बसतो, तेवढ्यात काकूंची पूजा आटोपते. कंपनीचं ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं तपासणीचं अ‍ॅप फुकट मिळतं. ते चालवलं, तर प्रोसेसरसमोर लाल फुली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं, म्हणजे कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी सोय यंत्रातच हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. आठवी पिढी 2017 ला आली. काकाजींचा आय-थ्री सहाव्या पिढीचा.

काकाजींनी वाकून वाचलं. जिल्हा परिषद शाळेत हयात गेलेला माणूस. “म्हणजे हा सहावी पास हाय आन् कंपनीले आठवी पास पायजे? अवो, आमच्याइकडं तं आठवीपर्यंत नापासच करत नव्हते!”

आता इथं गल्लीतला तिसरा पक्ष येतो. चौकातला रिपेअरिंगवाला पोट्टा. त्याला कुठून वास लागतो देव जाणे, दुपारीच पेनड्राइव्ह फिरवत हजर.

“पाचशे द्या काकाजी, अकरा टाकून देतो. त्याची चाचणीच बायपास करतो.”

“आन् लायसन?”

“लायसन कायले पायजे! अ‍ॅक्टिवेटर मारतो ना. फक्त अँटिव्हायरस थोडा येळ बंद करा लागते.”

मी त्याला ओसरीवरच थांबवलं. चाचणी चुकवून अकरा टाकता येतं ही गोष्ट खरी आहे. पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, म्हणजे ज्यासाठी बदलायचं तेच अधांतरी. आणि अ‍ॅक्टिवेटरचं तर बोलूच नका. ज्या प्रोग्रामला आत येताना पहारेकरी झोपलेला लागतो, त्याला पेन्शनच्या खात्याशेजारी बसवायचं? पोट्टा वाईट नाही. चार्जरची पिन तो फार छान बसवतो.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा भाचा आला. इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे दाढी आणि मतं दोन्ही नवीनच. म्हणाला, विंडोज काढून टाका, लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, जुन्या यंत्रावर हलकं चालतं, केरळच्या सरकारी शाळांत तर सगळी पोरं लिनक्सवरच शिकतात. हे सगळं अगदी खरं. काकाजीही फुलले. “केरळच्या पोराइले जमते तं मले काहून नाई जमणार?” अर्धा तास आमच्या गल्लीत क्रांती होती. मग काकूंनी विचारलं, “प्रिंटर चालीन ना?”

काकाजींकडे कॅनन 2900 आहे. यवतमाळात हा प्रिंटर माहीत नसलेलं ऑफिस दाखवा. वर्षानुवर्षं बिनातक्रार छापतो. विंडोजवर निमूट, पण लिनक्सवर त्याला जुंपायचं म्हणजे नाकी नऊ. भाच्यानं मोबाईलवर काहीतरी शोधलं, चेहरा उतरला, आणि “पाहतो” म्हणून गेला. अजून पाहतोच आहे. माझ्या मते नुसता ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल एवढंच काम असेल, तर लिनक्ससारखा तोडगा नाही. प्रिंटर, डिजिटल सहीचा डोंगल, अंगठ्याचं यंत्र यांतलं काही जोडलेलं असेल, तर आधी ते चालतं का पाहावं. सेतू केंद्रवाल्यांनी तर दहादा पाहावं.

खरी गंमत मात्र वहिनीकडे होती. तिची समोरची खोली म्हणजे डीटीपीचं दुकान. तिथं दोन कॉम्प्युटर. नव्या लॅपटॉपवर अकरा नंबर आलेलंच होतं, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप आणि ग्राहकांचे फोटो येतात. कोपऱ्यातल्या जुन्यावर विंडोज 7, तेही बत्तीस बिटचं. त्यात पेजमेकर आणि श्रीलिपी, आणि मागच्या जाड पोर्टला सेलोटेपनं बांधलेलं कुलूप, ते निघालं की फॉन्ट निघाले. विंडोज 7 ची मुदत 14 जानेवारी 2020 लाच संपली. म्हणजे काकाजी ज्या भीतीनं आज उठून बसले, तिच्याबरोबर ही बाई पाच वर्षं सुखानं नांदते आहे.

“ताई, मीबी बदलू काय?” तिनं विचारलं. मी म्हटलं, आधी जुनी पत्रिका नव्या लॅपटॉपवर उघडून दाखव. तिनं पेनड्राइव्हनं मजकूर नेला. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि प्रश्नचिन्हांची नुसती खिचडी. वराच्या आजोबांच्या नावात तर दोन डॉलर निघाले. जुन्या मराठी फॉन्टांचं हेच दुखणं आहे. त्यांत ‘क’ हा क म्हणून साठवलेलाच नसतो. इंग्रजी अक्षराच्या जागेवर क चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट गेला की चित्र गेलं. युनिकोडमध्ये तसं होत नाही, पण वहिनीचा सारा जुना संग्रह युनिकोडच्या आधीचा. त्यात पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 ची, त्यानंतर तो बनवणाऱ्या कंपनीनं तो वाढवलाच नाही. विंडोज 11 निघतं फक्त चौसष्ट बिटमध्ये, आणि बत्तीस बिटसाठी लिहिलेला तिच्या कुलपाचा ड्रायव्हर तिथं बसतच नाही. म्हणजे अकरा टाकलं की त्याच दिवशी दुकान बसलं.

“मंग?”

“मंग काई नाई. त्याची नेटची वायर काढून टाक. तुझा पेजमेकर नेटशिवाय चालतेच की. पेनड्राइव्ह लावायच्या आधी लॅपटॉपवर तपासत जा. आन् तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई लागते, ती सरेतोवर त्या यंत्रात काई बदलू नको. जुन्या पत्रिका युनिकोडमध्ये आणाच्या त्या उन्हाळा सरल्यावर, एकेक करून.”

सीझनच्या तोंडावर चालत्या यंत्राचं पोट फाडू नये, हे मला बँकेनं शिकवलं. आम्ही मोठे बदल कधीच मार्चएंडला केले नाहीत.

काकाजींचं गाडं मात्र अडूनच होतं. धनतेरस तोंडावर, दुकानांच्या जाहिराती जोरात, पोरगा पुण्याहून फोनवर म्हणे नवीनच घ्या. काकू म्हणत, सोन्याला हात लावायची सोय नाही आणि डब्याला साठ हजार? माझं मत काकूंच्या बाजूचं पडलं, त्याला कारण आहे. कंपनीनं घरगुती वापरासाठी विंडोज 10 ची सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढवून दिली आहेत. कंपनीचं खातं उघडून सेटिंगचं सिंक चालू केलं तर पैसे लागत नाहीत, नाहीतर तीस डॉलरच्या आसपास. विंडोज मात्र 22एच2 हवं. काकाजींचं होतं. नवीन काही मिळत नाही, फक्त भोकं बुजतात, पण आपल्याला तेवढंच हवं होतं.

त्याआधी फोटोंचा बॅकअप. काकाजींना वाटलं सिंक म्हणजे फोटोही गेले वर. तसं नसतं. कंपनी फुकट देते पाच जीबी, नातीचं बारसंच तेवढं निघालं. एक बाहेरची हार्डडिस्क आणली, सगळं त्यावर चढवलं. मग काकूंनी स्वतः त्यातला एक फोटो माझ्या लॅपटॉपवर उघडून खात्री केली, तेव्हा कुठं पुढचं बटण दाबू दिलं. आख्ख्या प्रकरणात शहाणपणाचं काम झालं ते हे.

आणि गोल गोल फिरणं? त्याचा विंडोजच्या नंबराशी फारसा संबंधच नव्हता. आत जुनी फिरती हार्डडिस्क होती. चौकातल्या पोट्ट्यालाच बोलावून एसएसडी बसवून घेतली, रॅम चारची आठ केली. आता काकूंची उदबत्ती लागायच्या आत डबा उठतो, आणि काकाजी गल्लीभर सांगत सुटले आहेत की त्यांनी विंडोज नवं टाकलं.

तुमच्याकडेही असा डबा असेल तर आज एवढंच करा. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, winver लिहा आणि एंटर मारा. दहा दिसलं, त्या यंत्रावरून बँकेचा व्यवहार होत असेल आणि ते अकरा घेत असेल, तर बॅकअप काढून अकरा टाका. नाही पटलं तर दहा दिवसांच्या आत परत दहावर येता येतं. घेत नसेल तर वाढीव मुदतीत नाव घाला आणि दसऱ्याची वाट न पाहता नव्या यंत्राचे पैसे बाजूला टाकत राहा, कारण 2026 चा दसरा 20 ऑक्टोबरला आहे आणि मुदत त्याच्या आठवडाभर आधीच संपते.