मासवडी खात सहकार्य कसे घडवावे

दुपारच्या जेवणावर संशोधकांच्या गप्पा घडवून आणायच्या असतील, तर आधी प्रोजेक्टर कपाटात कुलूपबंद करावा आणि मग मासवडी सांगावी. जुन्नर-आंबेगावात ती मिळायला अडचण नाही. हे जिभेचे चोचले नव्हेत. ओल्या फडक्यावर बेसनाचं घट्ट पिठलं थापून, त्यावर खोबरं, तीळ, लसणाचं सारण पसरून वळलेली ती वडी पानात पडली, तिखट रश्शात भाकरी कुस्करली, की उजवा हात अर्धा तास तरी कामातून गेला. रश्शाच्या हाताने कुणी स्लाइड पुढे सरकवत नाही. स्लाइड नसली की आपलं संशोधन चार वाक्यांत सांगावं लागतं आणि पाचव्याला समोरचा विचारतो, "म्हणजे काय?" सगळा खटाटोप या प्रश्नासाठी आहे. शाल, श्रीफळ आणि पाहुण्यांचा परिचय यांना सक्त मज्जाव. परिचय संपेपर्यंत रस्सा निवतो.

जागा म्हणाल तर नारायणगावजवळचं खोडद. इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या परिसरात रेडिओ लहरींत व्यत्यय नको म्हणून मोबाइल बंद ठेवायला सांगतात. इतरत्र परिपत्रकं काढून जे साधत नाही ते इथे आकाशगंगेच्या धाकाने साधतं. पाहुणे कसे निवडावेत तेही ही दुर्बीणच शिकवते. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. 14 मधोमध दाटीने, बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. तबकड्यांमधलं अंतर वाढेल तसं आकाशाचं चित्र रेखीव होतं. मात्र सगळ्यांचे संकेत एका जागी आणून एकमेकांशी ताडावे लागतात. तेव्हा खगोलवाल्याशेजारी खगोलवाला बसवणं म्हणजे एकाच खड्ड्यात दोन तबकड्या रोवणं. त्याच्याशेजारी पुरातत्त्ववाला बसवावा.

त्यांनी बोलायचं काय, अशी शंका घेणाऱ्याने कुकडीकाठच्या बोरी गावाकडे पाहावं. तिथे अश्मयुगीन हत्यारं आहेत आणि ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. त्या राखेचं वय कुणी सुमारे 14 लाख वर्षं काढलं, कुणी 6 लाख 70 हजार, तर कुणी ती इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची ठरवून जेमतेम 75 हजारांवर आणली. हत्यार ओळखायचं पुरातत्त्ववाल्याने, राख मूळ जागी आहे की वाहून आली हे सांगायचं भूशास्त्रज्ञाने, वय काढायला तिच्यातला आर्गॉन मोजायचा भौतिकीवाल्याने. यांतला एकही उठून गेला तर उरलेल्या दोघांना हा वाद मिटवता येत नाही.

वेळ वाया जातो, हा आक्षेप खरा आहे. 1950 साली लॉस अलामॉसला जेवता जेवता भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीने, परग्रहावरचे लोक असतील तर ते आहेत कुठे, असं विचारलं आणि त्यावर आजही शोधनिबंध निघतात, हे ठीक. पण ज्या जेवणांतून ढेकरेपलीकडे काही निघालं नाही त्यांची मोजदाद कोण ठेवतो? मान्य. तरी विभागीय बैठकांचाही हिशेब याच तराजूत घालावा, आणि तिथे तर मासवडीही नसते. दुसरी भीती कल्पना चोरीला जाण्याची. यावर उपाय म्हणजे अर्धीकच्ची कल्पनाच पानात वाढावी. चोराला उरलेली शिजवण्यासाठी आपल्याकडेच यावं लागतं.

पहिल्या खेपेला विषय बिबट्याचा ठेवावा. धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला, उसात बिबट्या राहू लागला. त्यामुळे वन्यजीववाला, शेतीवाला आणि समाजशास्त्रवाला, तिघांनाही तो आपलाच वाटतो. बिल कुठल्या विभागाच्या नावे फाडायचं हा प्रश्न कुणी काढलाच, तर निर्णयासाठी पुढच्या बुधवारी पुन्हा जेवायला बोलवावं.