प्रश्नवाले बाप्पूजी

अकोल्याच्या जुन्या शहरात, राजराजेश्वराच्या देवळापासून जवळच बाप्पूजींची ओसरी. सकाळी तिथून दोन आवाज येतात. एक आकाशवाणीचा, दुसरा बाप्पूजींचा. दुसरा मोठा.

७.२५ ते ७.४० 'दिलखुलास' लागतं. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचा हा मुलाखतींचा कार्यक्रम. कधी मंत्री, कधी अधिकारी, कधी लेखक-कलावंत. पाहुणा कोणीही असो, बाप्पूजींना त्याच्याशी घेणंदेणं नाही. ते फक्त प्रश्न ऐकतात. पाहुण्यानं "सर्वप्रथम आपले आभार" म्हटलं, की ट्रान्झिस्टरचं बटन डावीकडे पिळतात आणि उत्तर स्वतः देतात. गुलाबी बोंडअळी असो की नाट्यसंमेलन, सुरुवात एकच : "त्याचं असं हाय पाहा." पुढचा प्रश्न यायला आणि बटन उजवीकडे वळायला एकच गाठ पडते. हे कसब मात्र मानलं पाहिजे. आणि खरं सांगायचं, तर उत्तरंही बरी असतात. मंत्री 'प्रयत्नशील' असतात. बाप्पूजी "होत नाही लेका, लिहून ठेव" म्हणून मोकळे.

पावणेआठनंतर गल्लीची पाळी. दूधवाला सायकल टेकवतो तोच बाप्पूजी शुद्ध पुणेरी मराठीत, "आपण या क्षेत्राकडे कसे वळलात?"

"डाबकी रोडनं आलो काका, मंग इकडं वळलो."

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी तर कहर. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन रात्रभर अनवाणी चाललेली पोरं, खांदे सोललेले, कावड देवळाशी पोचायच्या बेतात. बाप्पूजी आडवे. "आजच्या तरुणाईपुढची आव्हानं कोणती?"

"आजोबा, सरका! भरने सांडून राह्यले."

काकू मात्र स्वयंपाकघरात मोबाइलवर, कानात बोंडं घालून, अख्खी मुलाखत ऐकतात. उत्तरासकट. योजना, कागदपत्रं, कुठं अर्ज करायचा, सगळं तोंडपाठ. गल्लीतल्या बायका त्यांनाच विचारायला येतात, तेही ओसरी टाळून, मागच्या दारानं.

परवा बाप्पूजी सातबारा हातात धरून चुलीपाशी आले. "अवं, थो फळबागवाला पाहुना आला होता ना, अर्जाची शेवटची तारीख कोनती सांगतली त्यानं?"

"कालची."