माया कापली म्हणे!

अहो, ऐकलंत का? जरा अशा इकडे या भिंतीपाशी, ती कुंडी सरकवा बाजूला. मोठ्यानं बोलायची सोय नाही, सेक्रेटरीबाई गॅलरीत कपडे वाळत घालतायत. घालतायत कसल्या, तोच टॉवेल तिसऱ्यांदा झटकतायत!

तर आपल्या चार नंबरच्या वहिनी. अकरा किलो! 74 वरून 63. दीड वर्षात, आणि कुणाला शब्दानं पत्ता लागू दिला नाही. आता आपल्याकडे बाई बारीक झाली की आधी म्हणायचं शुगर, मग सुनेचा जाच, मग ऑपरेशन. त्यांना तर अजून सून पण नाही! सेक्रेटरीबाई मला लिफ्टमध्ये हळूच म्हणाल्या, "आतनं काहीतरी असणार हो." चेहरा काळजीचा केला होता, पण डोळे... जाऊ दे, माझ्या तोंडून नको.

यंदाच्या हळदीकुंकवाला काय झालं, तुम्ही नव्हतात ना? वहिनींचा ब्लाऊज खांद्यावरनं घसरत होता, दोन्हीकडे सेफ्टीपिना लावलेल्या. सगळ्या जणी त्यांच्याभोवती. "सांगा ना, काय केलंत? दीक्षित की दिवेकर?" कारण आपल्या सोसायटीत डाएटचे दोन पक्षच आहेत. दीक्षितवाले दिवसातून दोनदा जेवणार, 55 मिनिटांत पान आवरणार. दिवेकरवाले थोडं थोडं दिवसभर, वर साजूक तूप. दुसऱ्या मजल्यावर तर नवरा दीक्षित आणि बायको दिवेकर, त्या घरात गॅस बंद म्हणून होत नाही! तर काय सांगत होते... हां. वहिनी म्हणाल्या, "काही नाही हो. चपाती तीनच्या जागी दोन, भाजी वाटीभर जास्त, दोन्ही वेळेला उसळ नाहीतर अंडं, आणि रोज चालणं." बास. सगळ्यांचे चेहरे असे पडले, जणू वाण म्हणून रिकामी पुडी हातात ठेवली. एक जण तर म्हणाली, "नसेल सांगायचं तर नका सांगू."

मला काही राहवेना. दुसऱ्याच दिवशी गेले विरजण मागायला. विरजण घरात होतं हो, पण निमित्त नको का? ओट्यावर तेलाची बरणी, काचेची, आणि तिच्या पोटावर लाल टिकली. मला वाटलं दृष्ट लागू नये म्हणून लावलीय. हसायला लागल्या. म्हणाल्या, सोमवारी बरणी भरायची, आणि पुढच्या रविवारपर्यंत तेल टिकलीच्या खाली जाता कामा नये. पहिल्या आठवड्यात गुरुवारीच टिकली उघडी पडली म्हणे! तीन माणसांत पाच लिटरचा डबा महिन्याला संपायचा, आता अडीच महिने पुरतो. मोठा चमचाभर तेल, 15 मिली, म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. आपण फोडणीला पळी उपडी करतो ती काय मोजून? मी घरी येऊन आमचा डबा बघितला आणि झाकण लावून टाकलं.

चहाचंही तसंच. चार कप, कपाला दोन चमचे, म्हणजे दिवसाला आठ चमचे साखर! एकदम नाही सोडली. महिन्याला कपामागे अर्धा चमचा कमी, चार महिन्यांनी शून्य. यजमानांना कळलंसुद्धा नाही, त्यांच्याही कपातली कमी करत होत्या.

आणि उपासाला खिचडीवर हात मारणं बंद. इथे मात्र मी विषय बदलला. माझ्या एकादश्या तुम्हाला माहीत आहेतच, एकादशी दुप्पट खाशी...

पण सुरुवात झाली रिपोर्टानं. तीन महिन्यांची सरासरी साखर बघतात ना, ती 6.1 आली. 5.7 च्या पुढे गेली की उंबरठ्यावर, 6.5 ला डायबेटिस. डॉक्टरीणबाईंनी टेप काढून कंबरच मोजली. आपल्याकडच्या बायकांना 80 सेंटीमीटर ही हद्द, वहिनींची 94. म्हणाल्या, लगेच 15 किलोचं स्वप्न नको, वजनाच्या पाच टक्के गेलं तरी साखर ऐकायला लागते. 74 चे पाच टक्के किती, पावणेचार किलोच्या आतच. एवढंच ठरवून त्या घरी आल्या.

आता चालणं. आठवड्याला 150 मिनिटं, म्हणजे रोज अर्धा तास आणि दोन दिवस सुट्टी. रविवारी पर्वती. 103 पायऱ्या, पहिल्या रविवारी तीन ठिकाणी थांबल्या, दर वेळी फोन आल्यासारखं करून! आठवड्यातून दोनदा पाणी भरलेल्या दोन लिटरच्या बाटल्या उचलायच्या, उठाबशा काढायच्या. मी म्हटलं, "या वयात शिक्षा कसली?" तर म्हणाल्या, नुसतं कमी खाल्लं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. पटलं मला. सेक्रेटरीबाईंचा पावडरचा प्रयोग आठवतो ना? दोन वेळा ग्लासभर पावडर, एका महिन्यात सहा किलो, आणि आपल्याला जिन्यात गाठून गाठून लेक्चर! त्यातलं बरंचसं नुसतं पाणी होतं म्हणे. पिठूर-गोड बंद केलं की अंगात साठवलेली साखर संपते, तिनं धरून ठेवलेलं पाणी जातं आणि काटा खाली. मग गणपती आले, मोदक आले, आणि सहाचे आठ होऊन परत. तेव्हापासून त्यांचा वजनकाटा पलंगाखाली.

वहिनींचं काय सरळ उतरलं होय? दिवाळीत चकल्या-करंज्या खाल्ल्याच, दीड किलो चढलं. मध्ये तीन महिने काटा 68 वर बसला तो हलेना. वजन उतरलं की शरीराला लागतंही कमी, म्हणून असं होतं. आपण असतो तर चिडून जिलबी आणली असती. त्या पर्वती चढत राहिल्या. आंबासुद्धा सोडला नाही, फक्त आमरस-पुरी बंद, एक आंबा कापून. आता ती साखर 5.6 आहे. पण त्या रिपोर्टाचं सोडा, खरी बातमी पुढेच आहे, म्हणून तर तुम्हाला हाक मारली.

आपला कोपऱ्यावरचा टेलर. परवा मी फॉल-बिडिंगची साडी आणायला गेले. तो म्हणाला, गेल्या वर्षी वहिनी ब्लाऊज आत घ्यायला आल्या तेव्हा बजावून गेल्या, "आत माया राहू दे." सगळ्याच बजावतात म्हणे. सहा महिन्यांत उसवायला येतातच. एका बाईंचे तर, नाव नाही घेतलं त्यानं, पण मान गॅलरीकडे वळली, इतक्या वेळा उसवून शिवलेत की कापडाची चाळण झालीय.

आणि मागच्या मंगळवारी वहिनी सात ब्लाऊज घेऊन आल्या. म्हणाल्या, "माया कापून टाका."

त्यानं हातातली कात्री खाली ठेवली. म्हणाला, "ताई, परत विचार करा. एकदा कापली की सैल करता यायचं नाही." "कापा," म्हणाल्या. तिथेच स्टुलावर बसून राहिल्या, सातही कापून होईपर्यंत. पट्ट्या त्यानं अजून डब्यात ठेवल्यात, मला दाखवल्या. चांगल्या दोन-दोन बोटं रुंद, एक तर त्या राणी रंगाच्या रेशमी ब्लाऊजची. मी हातात घेऊन बघितली.

सेक्रेटरीबाईंना अजून कळलेलं नाही. तुम्ही सांगताय, का मी सांगू?