उचल डॉलरमध्ये
सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्पसाहेबांनी फर्मान काढलं: परदेशातून नवा माणूस आणायचा, तर एच-१बी व्हिसाच्या अर्जामागे अमेरिकी मालकाने एक लाख डॉलर भरायचे. म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास ८८ लाख रुपये, पगार वेगळा. सांगलीच्या वालचंदमधून नाहीतर कराडच्या शासकीय अभियांत्रिकीतून निघालेलं आपलं पोरगं इतकं महागाचं आहे, हे बापाला तेव्हा कळलं. वाळव्याच्या ऊसवाहतूकदाराला मात्र नवल वाटलं नाही. बीडच्या ऊसतोड मुकादमाला लाखांनी उचल द्यायची आणि टोळीची वाट बघत बसायचं, हा त्याचा दर हंगामाचा धंदा. फरक एवढाच, इथं उचल एखादा मुकादम बुडवतो, तिथं सरकारच आधी खिशात घालतं. अमेरिकी मालकाने सरळ पुण्यात ऑफिस थाटावं. साताऱ्याचा इंजिनिअर तिथं एसटीच्या तिकिटात पोचतो.