झोनवाले नाना

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळात एक तरी नाना असतातच. नवी ओळख झाली की बाकीचे विचारतात, "मूळचे कुठले?" नाना विचारतात, "तुमचा झोन कोणता?" समोरचा घड्याळाकडे बघू लागला की नानांना त्याची कीव येते. झोन म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नकाशातला. दरवर्षीची सर्वांत थंड रात्र धरायची, तीस वर्षांची सरासरी काढायची आणि त्यावरून देशाचे 13 पट्टे आणि प्रत्येकाचे अ, ब असे दोन भाग पाडायचे. कुठलं झाड कुठल्या हिवाळ्यात तगेल, ते या पट्ट्यांवरून ठरतं. मुलाला मिनेसोटात नोकरी लागली तेव्हा नाना अभिनंदनाआधी म्हणाले, "म्हणजे झोन 4! होस्टा जगेल रे तिथे. तू जपून राहा."

नोव्हेंबर 2023 मध्ये नवा नकाशा आला आणि नानांचं अंगण 7अ मधून 7ब मध्ये गेलं. जवळजवळ निम्मा देश तेव्हा असाच अर्धी पायरी वर सरकला होता. पण नानांनी ती स्वतःची बढती समजून पेढे वाटले. काकू म्हणाल्या, "नोकरीत कधी वेळेवर मिळाली नाही. ही बघा, घरबसल्या आली!"

घराच्या उत्तरेला मेपलच्या सावलीत नानांचं राज्य आहे. फुलांना तिथे मान नाही; पान मोठं हवं. 'सम अँड सब्स्टन्स' नावाचा पोपटी होस्टा जेवणाच्या ताटाएवढी पानं पसरून बसलेला असतो. शेजारची लिग्युलॅरिया मुळाशी ओल असूनही भर दुपारी मान टाकते. पाहुणे कळवळून पाण्याचा पाइप शोधू लागतात. नाना त्यांना अडवतात, "नाटकं आहेत तिची. चहा घ्या, मग बघा." संध्याकाळी ती ताठ उभी असते आणि नाना असे बघतात, जणू त्यांनीच तिला समजावलं.

खरे नाना दिसतात हिवाळ्यात. पहिल्या कडक थंडीत होस्टाची पानं लगदा होऊन जमिनीला चिकटतात. शेजारी लगेच पालापाचोळ्याचं पांघरूण घालायला लागतो. नाना मात्र जमीन गोठायची वाट बघत हात बांधून उभे. "पांघरूण उबेसाठी नसतं हो, थंडी टिकवायला असतं! मध्येच ऊन पडून माती सुटते, रात्री पुन्हा आवळते आणि गड्डा मुळांसकट वर उचलला जातो. झाड थंडीने कमी मरतं, हवेच्या धरसोडीने जास्त. उरलेलं साचलेल्या पाण्याने कुजतं." हे शेजाऱ्याला कुंपणापलीकडून इंग्रजीत आणि काकूंना स्वयंपाकघरात मराठीत, दरसाल ऐकावं लागतं.

एवढं सगळं ज्ञान हरतं ते अळूपुढे. ओक ट्री रोडच्या भारतीय दुकानातून आणलेल्या अळकुड्या नानांनी मातीत पुरल्या आणि ऑगस्टपर्यंत कमरेएवढा अळू उभा केला. हरणं रात्रीतून होस्टाचे नुसते दांडे शिल्लक ठेवतात, पण अळूला तोंड लावत नाहीत. "घसा खाजतो ना! त्यांना चिंच कोण देणार?" असं म्हणून नाना खूश होतात. पण उघड्यावर हिवाळा काढायला या अळूला निदान झोन 8 लागतो. बढती मिळूनही नाना अर्धी पायरी खालीच! मग ऑक्टोबरअखेर गड्डे खणायचे, सुकवायचे, वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि गॅरेजमध्ये खोक्यांत ठेवायचे. गाडी बाहेर बर्फात. रोज सकाळी काकू काच खरवडतात आणि खोक्यांकडे बघत नाहीत.

एका वर्षी नाना हट्टाने दोन गड्डे बाहेरच ठेवून बसले. वसंतात तिथे उकरलं तर हाताला गिळगिळीत काळं काहीतरी लागलं. नानांनी ते चिमटीत धरून वास घेतला आणि निकाल दिला, "थंडीने नाही, ओलीने गेले." झाड मरेल, पण नानांचा सिद्धांत मरायचा नाही.

तुम्हालाही सावलीत मोठ्या पानांची बाग करायची असेल तर नानांना जरूर विचारा. सल्ला चोख मिळेल आणि सप्टेंबरात गेलात तर वर अळूचं फदफदंही. फक्त आपला झोन पाठ करून जा. आणि गाडी घराबाहेरच लावा. आत जागा नाही.