हायड्रोजन सल्फाइड आणि मोगरा

संसारातल्या आठवणी फुगत नाहीत, कारण त्यांना साक्षीदार असतो. "तुला बघायला आलो तेव्हा तू निळी साडी नेसली होतीस," असं जरा हळवेपणाने म्हणावं, तर स्वयंपाकघरातून आवाज येतो, "निळी नव्हती, मोरपंखी होती. आणि ती वहिनीची होती." विषय संपला. हुकलेल्या प्रेमाचं तसं नसतं. तिथे टोकायला कोणी नाही. त्यामुळे दर वर्षी तिचे डोळे थोडे मोठे होतात, त्या दिवशीचा पाऊस थोडा वाढतो आणि तेव्हा घशाबाहेर न पडलेली वाक्यं आपण ठणठणीत आवाजात बोललो होतो असं वाटायला लागतं.

ब्लूमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली यावर एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांना छोटी छोटी कामं द्यायची, त्यांतली काही मध्येच थांबवायची आणि मग काय आठवतं ते विचारायचं, असा त्यांचा प्रयोग. पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली जास्त आठवतात, असं त्यांना दिसलं. बाईंनी त्यासाठी बर्लिनमध्ये केवढा खटाटोप केला! सांगलीच्या कुठल्याही कट्ट्यावर भडंगाच्या एका पुडीत हाच निष्कर्ष हाती आला असता.

माझं अर्धवट काम सांगलीचंच. साल १९८७, बीएस्सीचं दुसरं वर्ष. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला ती शेजारच्या टेबलावर असायची. "जरा ब्युरेट धरता का?" हा आमचा सर्वांत लांबलेला संवाद. आमच्या वर्गात मुलगे मुलींना अहोजाहो करत, आणि मुली मुलग्यांना शक्यतो काहीच म्हणत नसत. एकदा तिने माझं जर्नल मागून नेलं. परत आलं ते ब्राउन पेपरचं कव्हर घालून, वर लेबल लावून, लेबलावर वळणदार अक्षरात माझं नाव लिहून. एखादी मुलगी स्वतःच्या हाताने आपलं नाव लिहिते, याचा अर्थ काय तो मी लगेच लावला.

उत्तर द्यायचं तर फिशपॉन्डशिवाय मार्ग नव्हता. नव्या पिढीसाठी सांगतो: गॅदरिंगच्या आधी कॉलेजात एक खोका ठेवत. त्यात निनावी चिठ्ठ्या टाकायच्या आणि गॅदरिंगच्या दिवशी कुणीतरी वाचाळ पोरगा त्या माइकवरून वाचणार. आमच्या लॅबमध्ये किप्सच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड निघे. त्याचा सडक्या अंड्यांचा वास शर्टाला चिकटून घरी जेवायच्या पाटापर्यंत येई. मी लिहिलं, "तुम्ही लॅबमध्ये आलात की हायड्रोजन सल्फाइडलाही मोगऱ्याचा वास येतो." मुलीचं नाव चारचौघांत घेणं सभ्यपणात बसत नव्हतं, म्हणून वर नुसतं 'केमिस्ट्री लॅब' घातलं. निवेदकाने तो फिशपॉन्ड आमच्या विभागप्रमुखांना अर्पण केला. सर उठले, सभागृहाला हात जोडले आणि रुमालाने डोळे टिपले. त्या वर्षी अख्ख्या बॅचला प्रॅक्टिकलचे मार्क सढळ हाताने पडले.

सरळ जाऊन सांगायला काय झालं होतं, असं आजची मुलं विचारतात. पण आमच्यापुढे आदर्श कोणते होते ते बघा. १९८१ च्या 'एक दूजे के लिये'मध्ये शेवटी दोघंही मरतात. १९८८ च्या 'कयामत से कयामत तक'मध्येही दोघंही मरतात. एप्रिलमध्ये परीक्षा असलेल्या मुलाने यातून काय बोध घ्यायचा? प्रेम करूनही दोघं जिवंत राहतात आणि वडील मंडळी शेवटी राजी होतात, हे सांगणारा 'मैंने प्यार किया' आला १९८९ च्या डिसेंबरअखेर. तोवर ती लग्न होऊन हुबळीला गेली होती.

ही कथा मी बरीच वर्षं एकट्याने जपली. गेल्या कोजागिरीला मित्राच्या गच्चीवर जुनी बॅच जमली होती, सगळे सहकुटुंब. आटवलेलं दूध पोटात गेल्यावर मला कंठ फुटला. कव्हरापर्यंत आलो, तोच एक मित्र म्हणाला, "माझ्या जर्नलला पण तिनंच कव्हर घातलं होतं." दुसरा गप्प बसला, पण त्याच्या चेहऱ्यावरून त्याचंही जर्नल दिसत होतं. शेवटी आमच्या वर्गातली एकजण हसू आवरत म्हणाली, "अरे, तिच्या वडिलांचं स्टेशनरीचं दुकान होतं. नव्या लेबलांचा नमुना दाखवायला ती सगळ्यांना फुकट कव्हरं घालून द्यायची. आणि तो मोगऱ्याचा फिशपॉन्ड तुझा होता? आम्ही लेडीज रूममध्ये आठवडाभर शोधत होतो, सरांवर आपल्यातली कोण भाळली म्हणून!"

माझ्या शोकांतिकेत इतकं हसू लपलं होतं, ते मला ठाऊकच नव्हतं. त्यातला निम्मा भाग दुसऱ्यांकडे होता. तो त्यांनी त्या रात्री परत केला.

मग आमच्या सौभाग्यवतींनी पेला खाली ठेवला. "आमच्या इचलकरंजीच्या एसटीत एक मुलगा रोज खिडकीतून रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरायचा. मी बसले की स्वतः उभा राहायचा. वर्षभर. एक शब्द बोलला नाही." गच्ची एकदम शांत. बायका "अगं बाई!" म्हणाल्या आणि पुरुष माझ्याकडे बघायला लागले. माझ्या गोष्टीत नुसता गॅस होता, हिच्या गोष्टीत माणूस होता. "रुमाल कसला होता?" मी विचारलं. "पांढरा. निळ्या काठाचा," ती म्हणाली. निळ्याच. मोरपंखी नाही.

परत येताना गाडीत मी चौकश्या केल्या, तिने उत्तरं दिली, आणि लग्नाला एवढी वर्षं होऊनही हिच्याबद्दल काही नवीन कळू शकतं, याचा मला आनंद झाला. थोडी असूयाही वाटली. पण या वयात असूया वाटणं हेसुद्धा प्रकृती बरी असल्याचं लक्षण.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापाशीही असं काही असेल तर चारचौघांत सांगून टाका. त्यासाठी तिचा किंवा त्याचा पत्ता शोधत जाऊ नका. त्यांनी बिचाऱ्यांनी फक्त कव्हर घातलेलं असतं. सांगायचं ते त्या काळी आजूबाजूला असलेल्यांना, आणि तेही आपल्या माणसासमोर. साक्षीदार आहेत तोवरच हे उरकून घ्या. आणि घरच्या माणसाची गोष्ट तुमच्यापेक्षा सरस निघाली, तर मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐका.